पन्नास टोप्या

ठासणीची बंदूक हल्ली कोणी पाहिलेली नसते. नातवंडांना सांगायचं तर आधी हातवारे करावे लागतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, आणि लांब गजाने ते सगळं ठासून बसवायचं. पण एवढं करूनही ती बंदूक म्हणजे नुसता लोखंडाचा दांडा. तिच्या कानाशी एक बारीक पोकळ बोंड असतं, त्यावर टोपी बसवली की मग ती बंदूक. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, करंगळीच्या नखावर मावेल एवढी. आत मसाल्याचा एक ठिपका. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि तिची ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. टोपी मुकी निघाली तर समोरचं रानडुक्कर पीक खाऊन, आपल्याकडे बघून, सावकाश निघून जातं.

आमच्या घरात टोप्या बनत. पुढे रस्त्याला लागून दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, त्यामागे फरशी घातलेलं अंगण आणि अंगणाच्या पार टोकाला टोप्यांत मसाला भरायची खोली. तिच्या भिंती हातभर जाड होत्या आणि छप्पर मात्र पातळ पत्र्याचं. बाबा म्हणायचे, "काही झालंच तर छप्पर जाईल, शेजारी राहतील." आपलं काय होईल हे ते कधी बोलले नाहीत.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. बंदुकीचा घोडा सैल झाला, दस्ता तडकला, नळी वाकली, की लोक मिस्त्रींकडे येत. पण आमचं खरं नाव होतं ते टोप्यांमुळे. जंगलाला लागून शेतं असलेली माणसं दिवसभर चालून टोप्या न्यायला येत. कारखान्याच्या टोप्या बाजारात मिळत होत्या, पण त्या ओलसर हवेत मुक्या पडत. "मिस्त्रींची टोपी शब्दाला जागते," असं ते म्हणत, आणि बाबा दुकानात मान खाली घालून ते कौतुक ऐकून घेत. आत आल्यावर आईला सांगत, "आज पुन्हा तुझं कौतुक झालं हं."

कारण टोप्या आई भरत असे. मी आठ वर्षांची असताना एकदा भरताना बाबांनी घाई केली आणि उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं पेर गेलं. त्यानंतर अकरा वर्षं त्या खोलीत फक्त आई गेली, आणि सतराव्या वर्षापासून मी. तांब्याच्या पत्र्यातून वाट्या पाडण्याचं काम धाकटे काका करत. प्रेसचा दांडा फिरवायला त्यांच्याएवढा जोर कोणात नव्हता. मसाल्यात काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. आईने मला ते पोटात ठेवायला सांगितलं होतं आणि ते तिथेच आहे.

खोलीचे नियम मात्र सांगते. अनवाणी जायचं. फरशी ओली ठेवायची. अंगावर धातूचा कण नको, बांगडी नको, केसांतला आकडा नको. बोलायचं नाही. रागात असलं तर त्या दिवशी जायचंच नाही. "भांडायचं असेल तर स्वयंपाकघरात भांड, तिथे फार तर भांडं फुटेल," असं आई म्हणे. आणि तेल नको. आदल्या दिवशी डोकं साबणाने धुवायचं, केस कोरड्या फडक्यात बांधायचे. तेलाचा नुसता हात लागला तरी ते हळूहळू टोपीत मुरतं आणि मसाला मुका होतो.

बाबा तापाने गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

परवाना बाबांच्या नावावर होता. तो गेला म्हणजे टोप्या बंद. आईने अर्ज केला, माझ्या नावावर करा. कचेरीतल्या माणसाने तो अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "कोणाच्या म्हणालात?" दोन दिवसांनी काकांनीही अर्ज केला. काका वाईट नव्हते. त्यांनी आईला सगळं समोर बसून सांगितलं.

"वहिनी, तुम्हाला काय कमी पडू देणार आहे का मी? भरायची खोली बंद करू. कारखान्याची एजन्सी मिळतेय. तयार डबे येतील, आपण विकायचे. तुम्ही आणि पोरगी निवांत घरात बसा."

"आणि मुकी निघाली की?"

"मग कारखान्याला शिव्या देतील. आपल्याला कशाला?"

"भाऊजी," आई म्हणाली, "अकरा वर्षं माझी टोपी तुमच्या भावाच्या नावाने फुटली. मी तोंडातून शब्द काढला नाही. आता ते नाहीत. आता ती कोणाच्या नावाने फुटायची, तर माझ्या."

काकांना हे खरंच माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडावर ऐकणं वेगळं. ते उठून प्रेसपाशी गेले आणि काम नसताना दांडा फिरवत बसले.

कचेरीने ठरवलं की परीक्षा घ्यायची. घरातल्या बायकांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या पन्नास टोप्या आणाव्यात. पोलिसांच्या मैदानावर साहेबांसमोर त्या फोडून बघतील. पाचपर्यंत मुक्या चालतील. त्यापेक्षा जास्त निघाल्या तर परवाना काकांचा आणि भरायच्या खोलीला कुलूप.

आईने पंचवीस स्वतः भरल्या आणि पंचवीस मला भरायला लावल्या. मी म्हटलं, "आई, सगळ्या तूच भर ना. कशाला जोखीम?"

"मग म्हणतील, ही एकटीच आहे, ही गेली की काय? परवाना मला एकटीला नकोय."

मी भरल्या. श्वाससुद्धा मोजून घेतला. आईने तबक उजेडाकडे धरून एकेक टोपी पाहिली आणि फक्त "हं" म्हणाली. आईचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या घरातला हार-तुरा.

मग टोप्या वाळायला ठेवल्या. आणि तिथे मी घोळ घातला.

बाबा गेल्यापासून आत्या आमच्याकडे राहायला आली होती. बाबांची थोरली बहीण, प्रेमळ, आणि जिला कोणाचं कोरडं डोकं बघवत नाही अशी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पकडून खाली बसवलं.

"आत्या, नको. टोप्यांचं काम आहे."

"भरून झालंय ना? मग? टोप्या वाळतायत, तुझं डोकं कशाला वाळवतेस? केसांचा काथ्या झालाय नुसता. उद्या कोणी बघायला आलं तर म्हणेल, पोरगी आहे की पायपुसणं?"

मी हसले आणि बसले. तिने वाटीभर तेल जिरवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणी माझ्या डोक्यावरून इतका वेळ हात फिरवला होता. माझे डोळे मिटले. मग मी हात फडक्याला पुसले, मागे गेले आणि माझ्या पंचवीस टोप्या डब्यात रचल्या. आईने तिचा थर आदल्या दिवशीच वेगळ्या कागदावर मांडून ठेवला होता. तो तिने वर ठेवला, झाकण लावलं. भरताना तेल चालत नाही हे मला पाठ होतं. भरून झाल्यावर, नुसतं डब्यात ठेवतानाही चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईला सांगावंसं वाटलं नसेल, कारण रचताना तिच्या केसांवरचं फडकं कधी सुटलेलंच नसे.

चार दिवसांनी सोमवारी आम्ही मैदानावर गेलो. मैदान म्हणजे चुन्याच्या रेघा मारलेली मातीची जागा, कडेला एक लांब बाक, एक टेबल. टेबलामागे साहेब. त्यांच्या मिशा एवढ्या भरदार की शिपाई त्यांना पाठीमागे झाडू म्हणत. दोन्ही टोकं वर वळवलेली, चकचकीत. काका एका कडेला उभे, आत्या त्यांच्याजवळ. पाच-सात शेतकरीही आले होते. त्यांना टोप्यांची गरज होती, परीक्षेची मजाही होती.

एक जाडा हवालदार रिकामी बंदूक घेऊन उभा राहिला. दारू नाही, छर्रे नाहीत, नुसती टोपी बसवायची आणि चाप ओढायचा.

फट्! एक. फट्! दोन.

पंचवीसच्या पंचवीस फुटल्या. एक शेतकरी मोठ्याने म्हणाला, "मिस्त्री खाली येऊन भरून गेले की काय?" आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "मिस्त्री वर आहेत. मी खाली आहे." माणसं हसली. साहेबांनीही मिशीला पीळ देत वहीत काहीतरी लिहिलं.

सव्विसावी फुटली. सत्ताविसावीवर घोडा आपटला, 'टक्' झालं, आणि काही नाही.

"मुकी," हवालदार म्हणाला.

अठ्ठाविसावी फुटली. एकोणतीस मुकी. तीस मुकी. बत्तीस. पस्तीस. छत्तिसाव्या टोपीला सहावी मुकी निघाली आणि साहेबांनी हात वर केला.

"पुरे. बाई, नियमाप्रमाणे झालं."

"थांबा," आई म्हणाली. "उरलेल्याही फोडा."

"आता काय उपयोग?"

"मला बघायचंय."

सगळ्या मिळून अकरा मुक्या निघाल्या. अकराही माझ्या. काका पुढे आले, आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, सर्द झाल्या म्हणू. डब्याला पाणी लागलं म्हणू. नंतर बघू काय करायचं." ते त्या वेळी खरंच आमच्या बाजूने बोलत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने एक मुकी टोपी उचलली, नाकापाशी नेली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"डोक्याला तेल लावलं होतंस?"

तिने हे सगळ्यांसमोर विचारलं. नाही म्हटलं असतं तर कोणाला कळलं असतं? वास एवढा नव्हता. पाणी लागलं म्हटलं असतं तर नामुष्की थोडी कमी झाली असती. पण मला आईचं ते "हं" आठवलं.

"हो," मी म्हटलं. "भरताना नाही. रचायच्या दिवशी. मीच हात लावला."

आत्याने तोंडावर हात धरला. "अगबाई, मी घातलं गं ते तेल!"

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बघा. म्हणूनच म्हणतो. बायकांचे केस, बायकांचं तेल, हे काम बायकांचं नव्हेच. कोणाचा दोष नाही यात. निसर्गच तसा."

हवालदार मान हलवू लागला. शेतकऱ्यांतही एक-दोघांनी हलवली. आणि आई टेबलाशी गेली.

"साहेब, रागावू नका. एक विचारू?"

"विचारा."

"मिशांना काय लावता?"

मग हवालदाराला ठसका लागला.

"काय म्हणालात?"

"चकाकतात म्हणून विचारलं. आणि मघापासून दर दोन टोप्यांमागे एकदा तुम्ही पीळ देताय. माझ्याकडे दुसरा डबा आहे. सगळा माझ्या हातचा. वीस काढा. दहा तुम्ही हातात घ्या, मिशीला नेहमीसारखा पीळ द्या, आणि तशाच बोटांनी कागदात बांधा. दहा मला हात धुऊन बांधू द्या. दोन्ही पुड्या तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे. गुरुवारी फोडू. तुमच्या दहाही फुटल्या तर मी मान्य करते की दोष बाईच्या जातीत आहे. नाही फुटल्या तर दोष तेलात आहे, आणि तेल बाटलीतून येतं, बाईतून नाही."

"वहिनी!" काका म्हणाले.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. पण शेतकरी हसत होते, आणि नाही म्हणायचं म्हणजे आपल्या मिशांना घाबरल्यासारखं झालं असतं. त्यांनी दहा टोप्या तळहातावर घेतल्या, चवताळून मिशी पिळली, आणि एकेक टोपी अशी चोळली की जणू तिचाच अपराध होता.

त्या तीन दिवसांत घरात कोणी नीट जेवलं नाही. आत्या माझ्यासमोर यायचं टाळायची. मी एका दुपारी आरशासमोर कात्री घेऊन उभी राहिले. वेणी मुळापासून कापायची असं ठरवूनच. आई दारात आली.

"काय करतेयस?"

"कापते. पुन्हा भानगड नको."

तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली. "टोप्यांनी तुझे केस मागितलेत का? हात धू म्हटलंय फक्त. साहेब काय मिशी कापणारेत?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

गुरुवारी मैदानावर दुप्पट माणसं होती. साहेबांनी स्वतः कपाट उघडून पुड्या आणल्या होत्या. आधी आईच्या दहा. फट् फट् करत दहाही गेल्या. मग साहेबांच्या. पहिली फुटली आणि साहेब थोडे सरळ बसले. दुसरी मुकी. तिसरी मुकी. चौथी मुकी. हवालदार प्रत्येक वेळी "मुकी" म्हणताना आवाज जरा बारीक करत होता. दहातल्या सात मुक्या निघाल्या.

कोणी हसलं नाही. हसण्याची गरज उरली नव्हती. आत्या मात्र हळूच म्हणाली, "माझ्यापेक्षा यांचं तेल जास्त चांगलं दिसतंय."

साहेबांनी वही मिटली. माणूस हट्टी होता, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणारा नव्हता. "ठीक आहे. पुन्हा परीक्षा घेतो. पुढच्या महिन्यात, पन्नास टोप्या. तोवर परवाना दिरांच्या नावावर करू, तात्पुरता. दुकान तर चालू राहील."

"नको," आई म्हणाली.

"अहो, महिनाभराचाच प्रश्न."

"महिनाभर दुकान बंद राहू दे. एकदा दुसऱ्या नावावर चढलं की उतरवायला माझा जन्म जाईल." मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि पन्नास टोप्या मी भरणार नाही. ही भरेल. पन्नासच्या पन्नास."

माझी पाचावर धारण बसली. "आई, मी नाही!"

"जिच्या हातून चुकलंय तिलाच आता कळलंय कुठे चुकतं ते. बाकीच्यांना अजून चुकायचंय."

साहेबांनी खांदे उडवले. "तुमची मर्जी. सहा मुक्या निघाल्या तर मग मिशांचं नाव काढायचं नाही."

तो महिना मी कशी जगले ते मलाच ठाऊक. दुकानाला कुलूप. शेतकरी येत, कुलूप बघत आणि अंगणात येऊन आईला विचारत. ती सांगे, "महिना थांबा. नाही थांबवत तर कारखान्याच्या घ्या." काही जणांनी घेतल्या. काही थांबले. एक म्हातारा तर म्हणाला, "डुकरांना निरोप पाठवतो, महिनाभर या, पाहुणचार करतो." काका रोज सकाळी येऊन प्रेसपाशी बसत. वाट्या पाडून ठेवायला परवाना लागत नव्हता. एक दिवस त्यांनी मला हजारभर वाट्यांतून निवडलेल्या पन्नास वाट्या आणून दिल्या. एकीलाही कंगोरा नाही. "तुझ्या बाबांनीसुद्धा एवढ्या निवडून घेतल्या नसत्या," ते म्हणाले. "मुकी निघाली तर वाटीला बोल लावायचा नाही, एवढंच सांगतो."

मी पाच दिवसांत पन्नास भरल्या, दिवसाला दहा. जिथे मन थोडं हललं तिथे उठून बाहेर आले. वाळल्यावर रचण्याआधी तीनदा हात धुतले, केस फडक्यात आवळून बांधले. आत्या त्या सकाळी दारात पाय पसरून बसली होती, कोणाला आत येऊ देत नव्हती. "डोक्याला हात लावायचा असेल तर माझ्या लाव," असं तिने ओरडून सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी आई माझ्या शेजारी नव्हे तर मागे उभी राहिली. डबा मी टेबलावर ठेवला. पहिल्या चौदा फुटल्या, पंधरावी मुकी. मग सलग एकोणीस फुटल्या. पस्तिसावी मुकी. मागून आईचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. चाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. पन्नासावी फुटली तेव्हा हवालदाराने बंदूक खाली ठेवली आणि साहेबांना विचारलं, "उरलेल्या चार-दोन असतील तर फोडू का? हाताला सवय झाली."

पन्नासात दोन. साहेबांनी आकडा लिहिला, आणि आम्हाला कचेरीत यायला सांगितलं.

कचेरीत कारकुनाने परवान्याचा कोरा कागद पुढे ओढला. नाव विचारलं, वय विचारलं. मग व्यवसायाच्या रकान्यात न विचारताच लिहिलं, 'घरकाम'. आईला वाचता येत होतं, पण ती कुठे सांगत फिरत नसे. तिने कागदावर बोट ठेवलं.

"हे खोडा."

"बाई, सगळ्या बायकांचं हेच लिहितो आम्ही. त्याने परवान्याला काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

"खाडाखोड केली तर कागद खराब होतो."

"मग नवा घ्या. मी थांबते."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वहीतून मान वर न काढता एक नवा कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहिलं, नाव, वय, पत्ता. रकान्याशी आल्यावर लेखणी थांबवली.

"काय लिहू?"

"बंदुकीच्या टोप्या बनवणे," आई म्हणाली. "आणि खाली तिचंही नाव घाला. तिचाही व्यवसाय तोच."

त्याने लिहिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी टेबलापाशी उभ्या राहिलो. मग आईने तो कागद घडी न घालता तसाच हातात धरला आणि आम्ही भर रस्त्यातून घरी गेलो. दुकानाच्या पायरीवर तीन शेतकरी बसले होते.